फेरिटिन हजारावर, लोह जागच्या जागी: सुटलेल्या लगामाचं एक प्रकरण

रक्ताच्या रिपोर्टवर फेरिटिनपुढे (लोह साठवून ठेवणाऱ्या प्रथिनापुढे) हजाराच्या वरचा आकडा दिसला की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती अंगात लोह साठत असल्याची. निरोगी पुरुषात हा आकडा साधारण 30 ते 300 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतो, बायकांमध्ये त्याहून कमी. हजार म्हणजे यकृतात लोह साचत असणार, आणि ते वेळेत उतरवलं नाही तर यकृताबरोबर हृदय आणि स्वादुपिंडही खराब होणार, ही भीती रास्त असते. उपायही जुना आणि ठरलेला आहे. रक्तदात्याचं काढतात तसं ठरावीक दिवसांनी शिरेतून रक्त काढायचं. गेलेल्या तांबड्या पेशी भरून काढायला शरीर साठ्यातलं लोह उपसतं आणि फेरिटिन हळूहळू खाली येतं.

1995 साली इटली आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा काही कुटुंबांची नोंद केली, जिथे हा हिशेब जुळतच नव्हता. फेरिटिन हजाराच्या घरात, काहींचं त्याहून बरंच वर. पण रक्तातलं लोह नेहमीएवढं. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर चढलेलं लोहही नेहमीएवढंच. यकृताचा तुकडा घेऊन लोहासाठी रंगवला तर साठ्याचा निळा रंग उमटत नाही. आणि अशा माणसाचं रक्त काढायला लागलं की फेरिटिन ढिम्म हलत नाही, हिमोग्लोबिन मात्र भराभर उतरतं. लोह जास्त झालं म्हणून ज्याचं रक्त काढलं, त्यालाच लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया.

याच कुटुंबांत दुसरी एक गोष्ट होती, आणि ती फेरिटिनशी जोडावी असं सहसा कोणाला सुचलं नसतं. मोतीबिंदू. तोही म्हातारपणीचा नव्हे. दोन्ही डोळ्यांत, कोणाला शाळेच्या वयात, कोणाला ऐन तारुण्यात. आजी, तिची मुलं, त्यांची मुलं, अशी पिढ्यांची मांडणी केली तर दर पिढीत साधारण निम्म्या लोकांना. ज्यांना मोतीबिंदू होता त्यांचं फेरिटिन चढलेलं, ज्यांचे डोळे स्वच्छ त्यांचं फेरिटिन नेहमीचं. दोन्ही खुणा जोडीनेच खाली उतरत होत्या. इटलीतल्या व्हेरोनामध्ये डोमेनिको जिरेल्ली आणि त्यांचे सहकारी, पॅरिसमध्ये कॅरोल बोमाँ यांचा गट, अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हे काम चाललं होतं आणि दोघांनाही दोष एकाच ठिकाणी सापडला.

एम.एस्सी.च्या वर्गाला ट्रान्सलेशनचं नियंत्रण शिकवताना मी दरवर्षी याच प्रकरणापासून सुरुवात करते. ट्रान्सलेशन म्हणजे एमआरएनएवरचा, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या कामाच्या प्रतीवरचा, मजकूर वाचून रायबोसोमने प्रथिन घडवणं. पुस्तकी मराठीत भाषांतरण. डीएनएवरून एमआरएनए तयार होण्यावर पेशीचं नियंत्रण असतं हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण एमआरएनए तयार होऊन पेशीद्रवात येऊन पडलाय, आणि तरीही पेशी त्याला म्हणते, थांब, तुझं काम अजून नाही, ही गोष्ट त्यांना चटकन पटत नाही. ह्या कुटुंबांची गोष्ट ऐकली की पटते.

आधी फेरिटिनविषयी. लोहाशिवाय पेशीचं चालत नाही आणि मोकळं लोह तिला सोसवत नाही. सुटं फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो, आणि तो चरबी, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याची नासधूस करतो. म्हणून पेशी जास्तीचं लोह फेरिटिनच्या पोकळ गोळ्यात बंद करते. हा गोळा 24 तुकड्यांचा असतो. बाहेरून 12 नॅनोमीटर, आतली पोकळी 8 नॅनोमीटर, आणि त्या पोकळीत लोहाचे 4,500 पर्यंत अणू मावतात. तुकडे दोन जातींचे: एच म्हणजे जड आणि एल म्हणजे हलका. एच तुकडा फेरस लोहाचं फेरिक लोह करतो, एल तुकडा आतमध्ये त्याचा घट्ट खनिजासारखा साठा व्हायला मदत करतो. दोघांची जनुकं वेगळी. एचचं 11व्या गुणसूत्रावर, एलचं 19व्या.

रक्ताच्या तपासणीत आपण मोजतो ते रक्तात आलेलं थोडंसं फेरिटिन. त्यात बहुतेक एल तुकडेच असतात आणि आत लोह फार कमी असतं. म्हणजे लॅबमध्ये मोजलं जातं ते प्रथिन. लोह किती हे आपण त्यावरून ताडतो. ताडता येतं, कारण पेशीत लोह वाढलं की फेरिटिन वाढतं आणि लोह घटलं की घटतं, यावर आपला भरवसा आहे. पण पेशी ही सांगड घालते कशी? या एका दुव्यावर रिपोर्टचा सगळा अर्थ उभा आहे. दुवा तुटला तर आकडा बरोबर असूनही त्यातून काढलेला अर्थ चुकतो. (जंतुसंसर्ग झाला, सूज आली, यकृताला इजा झाली तरी फेरिटिन चढतं, आणि ते डॉक्टर हिशेबात धरतातच. ही कुटुंबं त्यातलीही नव्हती.)

आपल्याकडे फेरिटिन म्हटलं की कमी झालेलंच डोळ्यांसमोर येतं, आणि त्याला कारण आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. म्हणून लोह भरपूर असल्याचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाचं रक्त उगाच काढलं जाणं मला जास्तच बोचतं.

तो दुवा कुठे आहे याचा पहिला धागा या कुटुंबांच्या कितीतरी आधी उंदरांच्या यकृतात सापडला होता. हॅमिश मन्रो आणि जेम्स ड्रायस्डेल यांनी 1960च्या दशकात उंदरांना लोह टोचलं. यकृतात फेरिटिन वाढलं, त्यात नवल नव्हतं. मग त्यांनी ॲक्टिनोमायसिन डी दिलं. हे औषध डीएनएवरून नवा आरएनए बनणं थांबवतं. त्या काळी सगळ्यांची समजूत अशी की एखादं प्रथिन वाढवायचं तर आधी त्याचा नवा एमआरएनए काढावा लागतो. तसं असतं तर औषधानंतर फेरिटिन वाढायला नको होतं. ते तरीही वाढलं. नवा एमआरएनए नसताना वाढलं, म्हणजे जुना आधीपासून तिथेच होता.

1976 साली झॅरिंगर, बालिगा आणि मन्रो यांनी तो जुना एमआरएनए कुठे दडलेला असतो ते दाखवलं. पेशीत एका एमआरएनएवर एकामागोमाग एक रायबोसोम चढलेले असले की ती एक माळ दिसते. तिला पॉलिसोम म्हणतात. माळेत असलेला एमआरएनए कामावर आहे. माळेबाहेर, नुसता प्रथिनांत गुंडाळलेला पडून असेल तर तो बसून आहे. यकृताच्या पेशी फोडून त्यांनी माळा एकीकडे आणि सुटा एमआरएनए दुसरीकडे असा वेगळा केला. लोह देण्याआधी फेरिटिनचा बराच एमआरएनए सुट्या भागात मिळाला. लोह दिल्यावर तोच एमआरएनए सरकून माळांमध्ये गेला. तो कापून बाजूला ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यांसारखा होता: पाहुणे आले की पीठ मळायला बसावं लागत नाही, लगेच लाटायला घेता येतं. लोह विषासारखं काम करणार असेल तर पेशीला तासन्‌तास थांबून चालत नाही, आणि इथे तिने थांबण्याची वेळच काढून टाकलीय. या विषयातला हा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो, कारण फक्त जागा बघून त्यांनी उत्तर काढलं.

मग प्रश्न उरला की एमआरएनएला रोखून कोण धरतं. 1987 साली मन्रोंच्या प्रयोगशाळेत अझीझ यांनी, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रिचर्ड क्लाउसनर यांच्याकडे मॅथियास हेन्ट्झे आणि इतरांनी, फेरिटिनच्या एमआरएनएचा सुरुवातीचा तुकडा बारकाईने तपासला. एमआरएनएच्या अगदी पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते, तिला कॅपच म्हणतात. टोपीपासून प्रथिनाचा मजकूर सुरू होईपर्यंत, एल-फेरिटिनमध्ये, सुमारे 200 अक्षरं (आरएनएचे ए, सी, जी, यू हे घटक) अशी असतात की त्यांचं प्रथिनात काहीच उतरत नाही. तो भाग काढून टाकला तर लोहाला मिळणारा प्रतिसाद जातो. आणि त्यातलं तीसेक अक्षरांचं एक चिमुकलं कडबोळं दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाच्या एमआरएनएला जोडलं, तर तो परका एमआरएनएसुद्धा लोहाचं ऐकायला लागतो. या कडबोळ्याचं नाव आयआरई. लोहाला प्रतिसाद देणारा भाग.

वर्गात मी प्रत्येकाला वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापायला सांगते. त्यावर पेन्सिलीने अक्षरं लिहायची आणि ए-यू, जी-सी अशा जोड्या लागतील तशी पट्टी मधोमध वळवून दुमडायची. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून दांडा होतो, आणि वर डोक्यावर सहा अक्षरांचा वळसा उरतो. त्यातली पहिली पाच सी, ए, जी, यू, जी. दांड्याच्या एका बाजूला, वळशाच्या थोडं खाली, एक सी अक्षर जोडीदाराविना बाहेर डोकावतं. पट्टी हातात धरली की मुलांना दिसतं की वळशातलं पहिलं सी आणि पाचवं जी एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे मधली तीन अक्षरं, ए, जी आणि यू, टोकावर उघडी पडतात. या तीन अक्षरांवर पेन्सिलीने गोल करायला सांगते. पुढे त्यांचंच काम लागतं.

1988 साली या कडबोळ्याला पकडणारं प्रथिन हाती लागलं: मन्रो आणि एलिझाबेथ लीबोल्ड यांच्याकडे एकदा, क्लाउसनर यांच्या गटात ट्रेसी राउल्ट यांच्याकडे एकदा. आज त्याला आयआरपी, म्हणजे लोहानुसार नियंत्रण करणारं प्रथिन, म्हणतात. त्याची दोन भावंडं आहेत, आयआरपी-1 आणि आयआरपी-2. लोह कमी असलं की आयआरपी आयआरईला घट्ट धरून ठेवतं. ही पकड टोपीपासून जवळ असते, आणि नेमकी तीच जागा रायबोसोमच्या लहान भागाला उतरायला लागते. हा लहान भाग आपल्या साथीदार प्रथिनांसह टोपीजवळ येऊन एमआरएनएवर चढतो आणि मग मजकुराची सुरुवात शोधत पुढे सरकतो. आयआरपी बसलेलं असताना तो चढूच शकत नाही. हे 1994 साली ग्रे आणि हेन्ट्झे यांनी दाखवलं. जागेचं महत्त्व किती, तर कडबोळं प्रयोगशाळेत साठ-सत्तर अक्षरं पुढे सरकवलं की लगाम बराचसा ढिला होतो. दारात आडवी पडलेली खाट आत येणाऱ्याला अडवते. तीच आतल्या खोलीत असली तर वळसा घालून जाता येतं.

लोह वाढलं की पकड सुटते, पण दोन भावंडांची तऱ्हा वेगळी. आयआरपी-1मध्ये लोह आणि गंधकाचे चार-चार अणू मिळून एक गठ्ठा बसतो, आणि मग ते आरएनएला धरत नाही. त्या अवस्थेत ते ॲकोनिटेज नावाचं एन्झाइम असतं आणि सायट्रेटचं रूप बदलण्याचं काम करतं. एकच प्रथिन, लोह असलं की एक नोकरी, नसलं की दुसरी. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला हे उघड झालं तेव्हा अनेकांना धक्काच बसला. आयआरपी-2ला असा गठ्ठा नसतो. लोह भरपूर असेल तर एफबीएक्सएल-5 नावाचं प्रथिन त्याच्यावर तोडण्याची खूण करवून घेतं आणि पेशी ते मोडून टाकते. परिणाम तोच. आयआरई मोकळं होतं, रायबोसोम चढतो, फेरिटिन घडायला लागतं, जास्तीचं लोह गोळ्यांत बंद होतं. लोह उतरलं की लगाम पुन्हा खेचला जातो.

आता व्हेरोना आणि पॅरिसकडे परत. दोन्ही गटांनी एल-फेरिटिनच्या जनुकाचा तोच सुरुवातीचा, प्रथिनात न उतरणारा भाग वाचला. पॅरिसच्या कुटुंबात 40व्या जागी ए ऐवजी जी. व्हेरोनाच्या कुटुंबात 41व्या जागी जी ऐवजी सी. या दोन जागा म्हणजे मुलांनी पेन्सिलीने गोल केलेल्या तीन अक्षरांपैकी पहिली दोन. पुढे 2006 साली आयआरपी-1 आणि आयआरई यांची जोडगोळी स्फटिकात पकडून तिची रचना पाहिली, तेव्हा कळलं की आयआरपी आरएनएला दोनच ठिकाणी खऱ्या अर्थाने आवळतं: टोकावरच्या या तीन अक्षरांपाशी, आणि दांड्यातल्या त्या एकट्या सीपाशी. म्हणजे या कुटुंबांत नेमकं पकडायचं टोकच बदललं होतं.

एल-फेरिटिनचं प्रथिन मात्र एका अणूनेही बदललेलं नव्हतं. त्याचा मजकूर जसाच्या तसा होता. लोहाचं शोषण, त्याची वाहतूक, त्याचा साठा, कशातच दोष नव्हता. बिघडलं होतं ते एवढंच की पेशी थांब म्हणत होती आणि त्या एका जनुकाचा एमआरएनए ऐकत नव्हता. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बिघाड असला तरी पुरतो, कारण त्या एका प्रतीचं उत्पादन सतत चालू राहतं. म्हणून दर पिढीत निम्म्यांच्या वाट्याला.

एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग रिपोर्टमधला आकडा खोटा का?" मी म्हटलं, "आकडा खरा गं. प्रथिन खरंच तेवढं आहे. आपण तो लोहाचा आकडा समजतो, तिथे चुकतो." फेरिटिन हा पेशीने लोह पाहून घेतलेल्या निर्णयाचा आकडा आहे. ज्या पेशीला लोह पाहता येतं पण निर्णय बजावता येत नाही, तिच्याकडून आलेला आकडा लोहाविषयी काहीच सांगत नाही.

रक्त काढल्यावर ॲनिमिया का झाला, हेही इथेच सुटतं. आयआरपी स्वतः शाबूत होतं. तेच आयआरपी पेशीच्या दारावर लोह आत घेणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरचंही नियंत्रण करतं, पण उलट्या टोकाकडून. त्या रिसेप्टरच्या एमआरएनएवर अशी पाच कडबोळी आहेत, आणि ती मजकुराच्या आधी नसून नंतर, शेपटीत आहेत. तिथे आयआरपी बसलं की रायबोसोम अडत नाही, उलट एमआरएनए तुटण्यापासून वाचतो आणि जास्त रिसेप्टर घडतात. म्हणजे लोह कमी असताना एकच प्रथिन एका हाताने साठवण बंद करतं आणि दुसऱ्या हाताने दार उघडतं. या कुटुंबांत दार व्यवस्थित उघडझाप करत होतं, त्यामुळे अंगातलं एकूण लोह जागेवर राहिलं. जादा एल-फेरिटिनचे गोळे जवळपास रिकामेच होते. रक्त काढलं तेव्हा उपसायला साठा नव्हताच. गेलं ते रोजच्या वापरातलं लोह.

पुढच्या काही वर्षांत इतर देशांतही अशी कुटुंबं सापडत गेली, आणि बदल फक्त वळशातच नसतात हेही दिसलं. कोणात दांड्यातलं अक्षर बदललेलं, कोणात कडबोळ्याचा मोठा तुकडाच गळालेला. पाविया इथल्या मारिओ कात्सोला यांनी आणि राउल्ट यांच्या गटाने प्रयोगशाळेत वेगवेगळ्या बदलांनी आयआरपीची पकड किती सैल होते ते मोजलं आणि रुग्णांच्या त्रासाशी ताडून पाहिलं. पकड जितकी सैल, त्रास साधारण तितका जास्त. वळशातले बदल जड जातात, दांड्यातले काही त्या मानाने सौम्य. पण यात एक गाठ अजून सुटलेली नाही, आणि ती सोडून देणं मला बरोबर वाटत नाही: एकाच घरात, एकच बदल असलेल्या दोन सख्ख्या भावंडांत मोतीबिंदूचं वय आणि गडदपणा बराच वेगळा असू शकतो. लगाम किती ढिला आहे यावर सगळं ठरत नाही.

याच यंत्रणेचा आरसा म्हणावा असं एक प्रकरण जपानमधून 2001 साली आलं. तिथल्या एका कुटुंबात बदल एल-फेरिटिनमध्ये नसून एच-फेरिटिनच्या आयआरईमध्ये, 49व्या जागी होता. त्याने पकड सैल होण्याऐवजी जास्त घट्ट झाली. लगाम सुटला नाही, आवळला गेला. एच तुकडे कमी पडायला लागले आणि त्या माणसांच्या अंगात खरोखरच लोह साचलं. पहिल्या कुटुंबांत नसलेल्या लोहासाठी रक्त काढलं जात होतं. इथे लोह खरंच साचलेलं होतं. दोन्हीकडे प्रथिनाचा मजकूर निर्दोष आणि दोन्हीकडे चूक एका अक्षराची. एमआरएनए किती आहे एवढंच पाहिलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं, कारण या बदलांनी बिघडतो तो एमआरएनए किती आहे याचा नव्हे, तर त्यातला किती वाचला जातो याचा हिशेब. फक्त एमआरएनए मोजून पेशीचं सगळं कळलं असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचायला लावते.

अशा घरातल्या माणसासाठी करायचं ते साधं आहे. फेरिटिन खूप, ट्रान्सफेरिनवरचं लोह नेहमीचं, आणि घरात लवकर आलेले मोतीबिंदू, अशी सांगड दिसली की आयआरईचा तो छोटा तुकडा वाचून घ्यायचा. निदान पक्कं झालं की रक्त काढायचं नाही, आणि तपासणीसाठी यकृतात सुई घालण्याचीही सहसा गरज उरत नाही. मोतीबिंदू वाढून दिसायला त्रास व्हायला लागला की नेहमीची शस्त्रक्रिया करायची, आणि ती चांगली यशस्वी होते. बाकी आयुष्य नेहमीसारखं.

वर्गात शेवटी हमखास येणारा प्रश्न: एल-फेरिटिन अंगातल्या जवळपास सगळ्या पेशींत असतं, मग दुखणं फक्त डोळ्यालाच का?

डोळ्यातलं भिंग इतर अवयवांसारखं नसतं. त्याच्यात रक्तवाहिनी जात नाही. त्याचे तंतू झालेल्या पेशी पक्व होताना आपलं केंद्रक आणि पेशीतले बहुतेक छोटे अवयव टाकून देतात, पारदर्शक राहण्यासाठी. त्यानंतर त्या पेशी कधी गळून पडत नाहीत. आतल्या थरात जन्माआधी घडलेलं प्रथिन ऐंशी वर्षांच्या माणसाच्या भिंगात अजून तिथेच असतं. यकृतातल्या पेशीला जास्तीचं फेरिटिन मोडून टाकता येतं, भिंगाच्या तंतूला ती सोय जवळपास नाही. त्यात भिंग स्वच्छ राहतं ते त्यातली प्रथिनं ठरावीक दाटीने, एकसारखी पसरलेली असतात म्हणून. त्या दाटीत वर्षानुवर्षं एल-फेरिटिन पडत गेलं की एक वेळ अशी येते की ते पसरून राहत नाही, त्याचे स्फटिक धरतात. या रुग्णांच्या काढलेल्या भिंगांत असे स्फटिक प्रत्यक्ष पाहिले गेलेत. डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्पचा बारीक प्रकाश भिंगावर टाकतात तेव्हा सलग पांढरा पडदा दिसत नाही. पावाचा चुरा भुरभुरावा तसे बारीक पांढरे ठिपके दिसतात, भिंगाच्या मधल्या आणि बाहेरच्या थरांत विखुरलेले.